हळदीकुंकवाला नेलेलं बीपीचं मशीन

मला 'शांत राहा' असं सांगणाऱ्या माणसांचा फार राग येतो. आई, कॉलेजातले सर, सासूबाई, आणि मेलबर्नला आल्यावर आमच्या वेरिबी उपनगरातली निम्मी मराठी घरं. सगळ्यांचं एकच मत, की माझा आवाज चढतो म्हणून माझं ब्लडप्रेशर चढतं. मी म्हणायचे, आवाज तर मी बालवाडीपासून चढवतेय, तुम्ही आधी त्या गप्प बसणाऱ्यांचं मोजा. पुढे एकदा मी खरंच मोजलं, आणि तेच सांगायला बसले आहे.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांचा पूर आला होता तेव्हाची ही गोष्ट. सकाळच्या वेरिबीहून सुटणाऱ्या ट्रेनमध्ये निम्मा डबा आपला असायचा. कुणी अकाउंटिंग करणारं, कुणी केस कापायला शिकणारं, कुणी कुकरीच्या कोर्सला चाललेलं, सुऱ्यांची गुंडाळी मांडीवर घेऊन पेंगणारं. कोर्स कुठलाही असो, सगळ्यांना पोचायचं एकाच ठिकाणी होतं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी. मी पुण्याला मेकॅनिकल करून आले होते आणि युनिव्हर्सिटीत रिसर्चची मास्टर्स संपवत आणली होती. नवरा माझ्याच वर्गातला, पण नोकरी आयटीत, आणि आलेला माझ्या व्हिसावर. पीआरचा अर्ज माझ्या नावाने गेला होता आणि त्यात तो माझ्यामागे होता. मेडिकल, म्हणजे त्यासाठीची डॉक्टरी तपासणी, तेवढी राहिली होती. मी नापास झाले असते तर दोघांनाही बॅगा भराव्या लागल्या असत्या.

माझं काम होतं धमन्या ताणायचं. कत्तलखान्यातून मेंढ्यांच्या मोठ्या धमन्या बर्फात घालून यायच्या. मी त्यांच्या अंगठीएवढ्या चकत्या कापायचे, मिठाच्या कोमट पाण्यात दोन हुकांना अडकवायचे, आणि मशीन त्यांना हळूहळू ओढायचं. किती ओढलं की भिंतीत किती ताण येतो, ते कॉम्प्युटरवर रेघेने उमटायचं. बर्फाचा तो डबा आमच्या गाडीच्या डिकीत ठेवायला नवऱ्याने साफ नकार दिला होता. रविवारी मटण हाणणारा माणूस, पण धमनी म्हटलं की त्याला मळमळायचं.

पुण्यात आम्हा दोघांना बॉयलरचं गणित शिकवलं होतं. आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. जे येईल तो भिंतीतला ताण, म्हणजे भिंत फाटू नये म्हणून तिच्या प्रत्येक कणाने शेजारच्याला किती घट्ट धरून ठेवायचं त्याचा आकडा. मला वाटलं होतं, धमनी म्हणजे मऊ बॉयलर. पहिल्याच आठवड्यात माझ्या गाईडने एक चकती पुढे ठेवली आणि कात्रीने एका जागी कापायला सांगितली. कापली तशी ती चटकन उघडली आणि घोड्याच्या नालासारखी पडून राहिली. आत रक्ताचा थेंब नसतानाही ती भिंत स्वतःला आवळून धरून बसली होती. तशी ती आवळलेली असते म्हणूनच दाब आल्यावर सगळा भार आतल्या थरावर पडत नाही, जाडीभर वाटला जातो. मला ही गोष्ट भयंकर आवडली. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला जेवू न देता ती सांगितली.

दाब वाढला की काय होतं तेही रेघेवर दिसायचं. सुरुवातीला धमनी रबरासारखी ताणली जाते. नळी फुगते आणि फुगली की भिंत पातळ होते, म्हणजे गणितात वरचं वाढतं, खालचं घटतं, आणि ताण दाबापेक्षाही भराभर चढतो. मग भिंतीतले जाड धागे, जे इतका वेळ सैल पडलेले असतात, ते ताठ होऊन भार घेतात. तिथून पुढे नळी दोरखंडासारखी वागते, कितीही ओढा, फारशी लांबत नाही. हे नुसतं मेलेल्या चकतीचं झालं. जिवंत माणसात दाब महिनोन्महिने चढलेला राहिला, तर भिंत आणखी एक करते, ती जाड होते. जाडी वाढवून ती ताण पुन्हा जवळपास पहिल्या आकड्यावर आणून ठेवते. हे मी माझ्या थिसिसमध्ये मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं.

एकदा गाईडला मानेतल्या धमनीच्या अल्ट्रासाउंडसाठी एक 'नॉर्मल' माणूस हवा होता. तरुण, सडपातळ, सिगरेट न ओढणारा. मी हात वर केला. गाईड क्वीन्सलंडमध्ये गाईगुरांच्या शेतावर वाढलेली उंच बाई, बोलणं एक घाव दोन तुकडे. तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"कॉफी किती झाल्या?"

"एकपण नाही."

"मग मशीन बिघडलंय," असं म्हणून तिने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. मशीन ठणठणीत होतं. तिसऱ्यांदा माझा वरचा आकडा एकशे साठच्या पुढेच आला. मानेच्या चित्रातही भिंत माझ्या वयाला शोभेल त्यापेक्षा जाड दिसत होती. गाईडने पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "तूच वाच." मी वाचलं. इतके दिवस मी ज्याच्या रेघा काढत होते ते माझ्या गळ्यात चाललं होतं.

"जीपीकडे जा. आज आर्वोला जमलं तर आजच," ती म्हणाली.

आर्वो म्हणजे दुपार, आणि जीपी म्हणजे इथला आपला नेहमीचा डॉक्टर. साधी गोष्ट होती. पण वेरिबीत ती साधी नव्हती.

आमच्या भागात एक दादा होते. बऱ्याच वर्षांपूर्वी आलेले, इथले नागरिक झालेले, स्वतःचं घर असलेले. नव्याने आलेल्या प्रत्येकाला एअरपोर्टवरून आणायला तेच जायचे. आमची पहिली गादी त्यांच्या गराजमधली आणि पहिला कुकरही वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दिलेला. अशा माणसाचा शब्द मोडायला जीभ रेटत नाही. नवऱ्याने त्याच संध्याकाळी त्यांना फोन केला आणि ते तासाभरात दारात हजर.

"अगं, जीपीकडे गेलीस की ते सिस्टीममध्ये गेलं," सोफ्यावर बसत दादा म्हणाले. "एकदा रेकॉर्डवर आलं की इमिग्रेशनवाले बघणार. आधी मेडिकल होऊ दे, मग जा की हवं तिथे. तोपर्यंत मी सांगतो ते कर. आठ दिवस मीठ बंद. सकाळी दुधीचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या कच्च्या. आदल्या दिवशी चहा नाही. मी असाच पास झालो, मेट. नो वरीज."

"आणि नाही झाले तर?"

"अ‍ॅडलेडच्या एकाचा पीआर बीपीवर अडकला म्हणून तर सांगतोय."

"कोण तो?"

"कुणाचा तरी मेव्हणा."

"तुम्ही भेटलायत त्याला?"

"सगळ्यांना माहितीये गं." दादांचा चेहरा जरा पडला. "तुला काही त्रास होतोय का? डोकं दुखतं? चक्कर? नाही ना? काही असतं तर कळलं असतं."

"कुकरला शिट्टी असते दादा, धमनीला नसते."

नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले. दादा हसले आणि नेहमीचं वाक्य बोलले, की टेन्शन घेऊ नकोस, त्यानेच वाढतं.

हे एकट्या दादांचं नव्हतं. त्या काळी आमच्या ओळखीत कुणी दात ठणकत असताना डेंटिस्टकडे जात नव्हतं, कुणी दम्याचा पंप भारतातून मागवून उशीखाली ठेवत होतं. सगळे पदवीधर, बरेचसे इंजिनियर, आणि सगळ्यांची एकच समजूत, की डॉक्टरने बघितलं नाही तर आजार मोजला जात नाही. असली चूक अडाणी माणूस करणार नाही. ती करायला परीक्षा पास होण्यात हयात गेलेली माणसं लागतात.

दादा गेल्यावर खरं भांडण झालं. नवऱ्याने माझंच शस्त्र काढलं.

"तूच सांगितलंयस ना, भिंत जाड होते आणि स्ट्रेस परत नॉर्मलला येतो? जाडी खाली आहे फॉर्म्युल्यात. जाडी वाढली, स्ट्रेस कमी. बॉडी स्वतःच डिझाइन करतेय. मग मेडिकल होईपर्यंत तीन महिने थांबलीस तर काय बिघडतंय?"

त्याचं गणित बरोबर होतं. म्हणूनच माझा संताप झाला. मी ताटं जोरात आपटली, दोन-तीन गोष्टी त्याच्या घराण्याबद्दल बोलले आणि झोपायला गेले. पण गादीवर पडल्यावर मला कळलं की मला भीती वाटतेय. आजाराचीही वाटत होती आणि पुण्याला परत जाऊन सगळ्यांच्या 'आलात का?'ला तोंड द्यायचीही. त्यातली कुठली मोठी, ते मला ठरवता येत नव्हतं आणि याचीच चीड येत होती.

शनिवारी मी नवऱ्याला लॅबमध्ये नेलं. हातमोजे घातले तरी त्याचं तोंड वाकडंच. मी त्याच्या बोटांत एक चकती अडकवली. "ही कोकराची. ओढ." त्याने ओढली, ती लांबली, सोडली तशी परत आली. मग दुसरी दिली. "ही म्हाताऱ्या मेंढीची. हिची भिंत जाड आहे. तुझ्या फॉर्म्युल्याने हिच्यात ताण कमी. आता ओढ."

त्याने ओढली. मग जोर लावून ओढली. "येत नाहीये."

"हृदय दर ठोक्याला हेच ओढत असतं. कोकराची नळी फुगते आणि धक्का पोटात घेते. ही घेत नाही. मग तो धक्का सरळ पुढे जातो, मेंदूतल्या आणि किडनीतल्या बारीक नळ्यांवर, आणि हृदयाला प्रत्येक वेळी जास्त जोर काढावा लागतो. आकडा नॉर्मलला आला रे, पण नळी नाही आली."

"ही वयाने झालीये. प्रेशरने नाही."

"हो, वयाने. वाढलेलं प्रेशर तेच काम माझ्या तिशीत करून ठेवतंय. माझी भिंत मी बघितलीय पडद्यावर."

त्याने म्हाताऱ्या मेंढीची चकती पुन्हा एकदा ओढून बघितली. मग म्हणाला, "आणि पीआर गेला तर? मी परत जाऊन काय करू सांग. मला भीती वाटते."

इतक्या वर्षांत त्याने हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकवलं. त्यामुळे मी कधी नव्हे ते आवाज न चढवता उत्तर दिलं. "मलाही वाटते. पण ज्या देशात राहण्यासाठी मला माझी मान लपवायला लागेल, तिथे मी राहणार नाही. ठेवायचं तर मला आहे तशी ठेवा, नाहीतर विमानात बसवा."

त्याने हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले. सोमवारी मी एकटीच गेले.

स्टेशनजवळच्या क्लिनिकमधली जीपी वयस्कर होती, चष्मा नाकाच्या टोकावर. मी बसल्या बसल्या म्हणाले, "मला ब्लडप्रेशर आहे, ते लिहून घ्या. ठळक लिहा."

"लपवायचं होतं का?" तिने विचारलं. मग मी सगळं सांगितलं, दुधीच्या रसासकट. तिने पेन खाली ठेवलं. तुझी फाईल तुझ्या परवानगीशिवाय माझ्याकडून कुठे जात नाही, पण मेडिकलला विचारलं तर खरं सांग, असं ती म्हणाली. "आणि तुझ्यासारखे असे आणखी किती आहेत?"

"ट्रेन भरून," मी म्हणाले.

तपासण्या झाल्या. किडनी चांगली, हृदय चांगलं, खास कारण काही सापडलं नाही. बहुतेकांचं सापडत नाही म्हणे. आजोबा पक्षाघाताने गेले होते हे मात्र तिने दोनदा विचारून घेतलं. एक छोटीशी गोळी दिली, रोज सकाळची. ती डबी मी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. लोणचं खाणं बंद झालं, पण बरणी मी हलवली नाही. कुणी आलं की डबीकडे बघायचं आणि मग छताकडे बघायचं. मी आपणहून सांगायचे, "बीपीची आहे." एक बाई तर पाणी न पिताच गेली.

जानेवारीत वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मेलबर्नच्या उन्हाळ्यात, चाळीस डिग्रीत, काळ्या साड्या नेसून आम्ही सगळ्या घामाने निथळत होतो. तिळगूळ हातातच वितळत होता. पुरुष मागच्या अंगणात बार्बेक्यूभोवती. प्रत्येकीने वाण आणलं होतं, टू-डॉलर शॉपमधले प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चिमटे. मी माझ्या पिशवीतून बीपीचं मशीन काढून डायनिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माझं वाण हे. हात पुढे करा."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "मेडिकलनंतर बघते गं." दुसरी म्हणाली, "आज सणाचं कशाला?" शेवटी वहिनींनीच बांगड्या वर सारल्या आणि बसल्या. त्यांचं छान निघालं. मग एकेक यायला लागली. कुणाच्या लेकीने कार्टून सोडून येऊन विचारलं, "इज मम गोइंग टु बी ओके?" बहुतेक सगळ्या ओकेच होत्या. फक्त खिडकीशी बसलेली एक, जी कधीच कुणाला उलटून बोलत नाही, जिचं उदाहरण मला देतात, तिचा आकडा माझ्या पहिल्या आकड्याच्या वर गेला. मी कुणाला काही ऐकवलं नाही. खूप मनात आलं होतं, पण तिने तो आकडा दुसऱ्या हाताने झाकला होता.

तेवढ्यात दादा तिळगूळ घ्यायला आत आले.

"ह्यांना लाव गं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं कधी कुणी मोजलेलंच नाही."

"का? मेडिकलला मोजलेलं की."

"तेच म्हणतेय मी. तेव्हापासून नाही."

बायका हसल्या, त्यामुळे दादांना बसावं लागलं. पट्टा फुगला, सुटला, आणि आकडा दोनशेच्या जरासाच अलीकडे थांबला. कुणी हसेना.

"मशीन बिघडलंय," दादा म्हणाले.

मी पट्टा माझ्या दंडाला लावला. एकशे बावीस. मग पुन्हा त्यांच्या. तोच आकडा. त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं, आणि बर्फ संपलाय म्हणून मला गराजमधल्या फ्रीजकडे घेऊन गेले. तिथे, ज्या गादीवर आम्ही पहिले दिवस काढले ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती. फ्रीजचं दार उघडं धरून ते हळूच म्हणाले, "हे कुठे रेकॉर्डवर जाईल का गं?"

ज्या माणसाने इथे मतदान केलं होतं, ज्याच्या खिशात इथला पासपोर्ट होता, तो मला हे विचारत होता. दुधीचा रस पिऊन त्यांनी एक दिवस निभावला आणि मग भीतीने पुढची सगळी वर्षं तसेच राहिले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा नाही आला. आपल्याला स्वतःचंच शरीर चोरासारखं लपवायला लावणाऱ्या त्या भीतीचा आला. "नाही जात," मी म्हणाले. "आणि गेलं तर जाऊ दे ना, दादा. तुमचंच आहे ते." त्यांनी बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली आणि आत निघून गेले. पुढे कितीतरी दिवस त्यांचा फोन नाही.

मेडिकल शहरात होती. मीठ बंद केलं नव्हतं, जीपीने सांगितलं तेवढं खात होते, चहाही पिऊन गेले होते. नवरा बाहेरच्या खुर्चीवर माझी पर्स मांडीवर घेऊन बसला होता. त्या सकाळी गोळीचं पाकीट त्याने स्वतः माझ्यापुढे ठेवलं होतं, पाण्याच्या भांड्यासकट. आत तरुण डॉक्टर होता. त्याने पट्टा बांधायला घेतला तेव्हाच, त्याने काही विचारायच्या आधी, मी म्हणाले, "मला हाय ब्लडप्रेशर आहे. रोज गोळी घेते. माझ्या जीपीचं नाव लिहून घ्या."

आवाज भरपूर चढला होता. शेजारच्या खोलीतही गेला असणार. डॉक्टरने मान वर केली. "कंट्रोलमध्ये आहे?"

"बघा की."

त्याने बघितलं, आकडा टाइप केला, "गुड" म्हणाला आणि खुर्ची भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे वळवायला सांगितली.

पीआर पुढे थंडी पडल्यावर आला. त्या दिवशी आम्ही काय केलं ते मला धड आठवत नाही. आठवतो तो मेडिकलच्या दिवशीचा फोन. आम्ही कारपार्कमध्ये पोचतोय तोच दादांचा फोन आला. इतक्या दिवसांनी, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही.

"विचारलं का गं बीपीचं?"

"मीच सांगितलं."

"सांगितलंस? मग?"

"मग डोळे तपासले."

नवऱ्याने गाडी चालू केली होती, मी त्याला हाताने थांबवलं.

"तुझी ती डॉक्टर," दादा म्हणाले, "शनिवारी असते का?"